डबा दुपारीच उघड

प्रिय वाळपईकर मुली,

तुझे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. पहाटे पावणेपाचला उठणे, सव्वासहाची कदंब बस गाठून पणजीच्या कॉलेजात येणे, संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांची शिकवणी, मग रात्री दहापर्यंत संगणकाचा ऑनलाइन वर्ग आणि रविवारी राष्ट्रीय सेवा योजनेचे काम, हे सगळे तू तासांनिशी मांडले आहेस आणि शेवटी विचारले आहेस की, बीएस्सीचे पहिले वर्ष थकून न जाता आनंदात जावे यासाठी वेळापत्रक कसे आखावे. वेळापत्रक मी आखून देणार नाही. तिसऱ्या पानावर तू कंसात एक वाक्य लिहिले आहेस : "डबा मी परतीच्या बसमध्ये खाते, कारण जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत जागा सहज मिळते." मला बोलायचे आहे ते याच वाक्याविषयी.

त्या वेळी जागा सहज मिळते, कारण बाकीचे सगळे जेवत असतात.

साडेपाचला चहा-चपाती खाऊन निघालेली मुलगी संध्याकाळी साडेचारच्या बसमध्ये, साखळी येण्याच्या आत, कडा वाळलेली चपाती आणि पाणी सुटलेली तांबडी भाजी मांडीवर घेऊन संपवते, म्हणजे मधले अकरा तास तिच्या पोटात धड काही नसते. आणि हीच मुलगी मला विचारते की, दुपारी दोनच्या प्रात्यक्षिकाला डोके का दुखते, चष्मा तर लागला नसेल ना! बाय, उपाशी राहिल्यावर डोके दुखणारच. पंधरा दिवस वेळेवर जेव आणि तरीही दुखले तर डोळे तपासून घे.

भुकेपेक्षाही मला जास्त सलते ते पुढचे. तुझ्या बाकावरची काणकोणची मुलगी, जी पणजीत खोली घेऊन राहते, तिने "डबा आणलास?" असे दोनदा विचारले आणि नंतर विचारणे सोडले, हे तू सहज लिहून गेलीस आणि पुढे "ती फारशी बोलत नाही" अशी तिची संभावनाही केलीस. घर सोडून आलेली, रोज कँटीनचा भाजीपाव खाणारी मुलगी जेव्हा शेजारणीच्या डब्याची चौकशी करते, तेव्हा ती एकत्र बसायला बोलावत असते. तू दोन्ही वेळा पुस्तके उचलून निघून गेलीस. यात मला तुझी बाजू घ्यावीशी वाटत नाही.

"पहिल्या वर्षी वेळ दवडला की पुढचे सगळे हातचे गेले," असे चुलतभावाने सांगितल्यापासून तू तासातासाचा हिशेब ठेवतेस. मग तो हिशेब एकदा नीट करूनच पाहू. गोव्यात 2023-24 पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आहे. त्यात सत्राला 20 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला व्याख्यानाचे 15 तास, प्रात्यक्षिक असेल तर 30. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याचे निदान 20 तास तू वर्गात किंवा प्रयोगशाळेत असतेसच आणि येण्याजाण्याचे रोजचे तीन तास धरले तर सहा दिवसांत आणखी 18 तास बसमध्ये जातात. या साऱ्यात जेवणाची सुट्टी तेवढी अशी आहे की जिच्यावर कॉलेजचा, शिकवणीचा, घरचा, कुणाचाच हक्क नाही. तीही तू देऊन टाकलीस आणि आता आनंद कुठे शोधावा असे मला विचारतेस.

शिकवणी, संगणक, रविवारचे काम, यांतले काय सोडावे हे आत्ता ठरवू नकोस, महिनाभर ते आहे तसे चालू दे. सोमवारी जेवणाची सुट्टी झाली की मात्र लायब्ररीकडे वळायचे नाही. त्या मुलीला तू स्वतः बोलाव, कारण तिसऱ्यांदा ती विचारणार नाही. काय बोलावे ते सुचले नाही तर गप्प बस, पण डबा तिच्यासमोर उघड आणि तिच्याकडे सरकव. आईला रविवारी रात्रीच सांगून ठेव की, उद्यापासून दोन चपात्या जास्त हव्यात आणि छोट्या डबीत थोडे कैरीचे मिस्कूट लोणचेही.