गोल्फचा २०२५चा सीझन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात पुरुषांच्या प्रो गोल्फच्या २०२५च्या सीझनवर एक छोटं टिपण लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळ्यांना जागा देता येत नाहीये त्याबद्दल सॉरी, पण सारखेच प्रश्न असलेली पत्रं एकत्र करून घेतलीत.

दादा, रोरी मॅकिलरॉय मास्टर्स जिंकला तेव्हा तुम्ही रडू आलं असं लिहिलंत. एक स्पर्धा जिंकला त्यात एवढं काय? आणि जो माणूस दहा-अकरा वर्षं एकही मोठी स्पर्धा जिंकला नाही त्याला ग्रेट कसं म्हणायचं? (क्रिकेटवेडा, डोंबिवली)

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि क्रिकेट बघणाऱ्याला तो पडणारच. क्रिकेटमधे दोन टीम असतात, म्हणजे निम्मे तरी जिंकतात. गोल्फमधे दीडशेच्या आसपास लोक गुरुवारी सकाळी खेळायला उतरतात आणि रविवारी संध्याकाळी त्यातला एकच जिंकलेला असतो, बाकी सगळे हरलेले. म्हणजे हरणं हेच या लोकांचं रोजचं काम आहे, जगातला भारीतला भारी प्लेयर पण वर्षातले बहुतेक आठवडे हरूनच घरी जातो. त्यामुळे मी कुठलाही सीझन बघताना कोण जिंकलं याच्याइतकंच हरल्यावर पुढच्या आठवड्यात कोण कसा आला ते बघतो.

आता रोरीचं सांगतो. मेजर म्हणजे चार मोठ्या स्पर्धा: मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि द ओपन. रोरीने २०१४पर्यंत यातल्या तीन जिंकल्या होत्या, राहिली होती फक्त मास्टर्स. आणि तिथेच २०११ साली शेवटच्या दिवशी चार शॉटची आघाडी घेऊन उतरला आणि ८० मारून बसला (गोल्फमधे जितके शॉट कमी तितकं चांगलं, ८० म्हणजे फारच जास्त). त्यानंतर दर एप्रिलला तोच प्रश्न, या वर्षी तरी होणार का. चारही मेजर जिंकणारे त्याच्या आधी जगात फक्त पाच होते: सॅराझेन, होगन, गॅरी प्लेयर, निकलॉस आणि टायगर वुड्स.

२०२५ला मास्टर्सचा शेवट आपल्याकडे १४ एप्रिलला पहाटे झाला, आंबेडकर जयंतीची सुट्टी होती म्हणून मी रात्रभर जागाच होतो. पहिल्याच होलवर (एका दिवशी असे अठरा खेळतात) डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा, त्या होलला ठरवून दिलेल्या शॉटपेक्षा, दोन शॉट जास्त. तरी सावरला, पुढे गेला. मग तेरावा होल. तिथे धोका नको म्हणून त्याने दुसरा शॉट मुद्दाम अलीकडे ठेवला, ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) समोर नव्वद यार्डांच्या आत, हातात वेज, म्हणजे जवळून मारायची स्टिक. हा शॉट तो झोपेत पण मारेल. आणि बॉल सरळ उजवीकडच्या ओढ्यात! मी टीव्हीसमोर उभाच राहिलो. पुन्हा डबल बोगी, पुढच्यावर अजून एक साधी बोगी (एक शॉट जास्त), आघाडी संपली.

आणि मग पंधराव्या होलवर झाडांच्या बाजूने वळवत सात नंबर आयर्नने पाण्यावरून असा शॉट मारला की बॉल होलपासून सहा फुटांवर. तेराव्याला पाण्यात घालणारा आणि पंधराव्याला हे करणारा माणूस एकच, मधे अर्धा-पाऊण तास. पुढे अठराव्यावर पाच फुटांचा पट (ग्रीनवर बॉल हळू ढकलून होलमधे घालतात तो) चुकला, नाहीतर तिथेच जिंकला असता. जस्टिन रोझबरोबर बरोबरी झाली म्हणून प्लेऑफ झाला (जादा होल खेळून निकाल लावतात तो), तोच अठरावा होल परत, आणि यावेळी रोरीचा बॉल होलजवळ चार फुटांच्या आत थांबला. पट गेला आणि तो गुडघ्यावर बसून रडायला लागला. चार दिवसात चार डबल बोगी करून मास्टर्स जिंकलेला तो पहिलाच माणूस आहे. रडू आलं ते त्या चार डबल बोगींमुळे आलं, नुसत्या जिंकण्याने नाही.

मग रोझचं काय? त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. रोझने त्या दिवशी ६६ मारले होते, आणि मास्टर्सच्या प्लेऑफमधे तो दुसऱ्यांदा हरला, २०१७ला पण असाच हरला होता. हरल्यावर त्याने रोरीला मिठी मारली ते बघा कधीतरी.

पण त्याची गोष्ट तिथे संपली नाही. ऑगस्टमधे मेम्फिसला सेंट ज्यूड स्पर्धा झाली, तिथे शेवटच्या दिवशी टॉमी फ्लीटवूड पुढे होता, रोझने लागोपाठ चार बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) मारून त्याला मागे टाकलं आणि मग प्लेऑफमधे जे. जे. स्पॉनला हरवलं. वय ४५! आणि आता गंमत बघा, हाच स्पॉन मार्चमधे प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या प्लेऑफमधे रोरीकडून हरला होता. म्हणजे रोरीकडून स्पॉन हरला, रोरीकडूनच रोझ हरला, रोझकडून स्पॉन आणि फ्लीटवूड दोघं हरले, आणि यातला एकही माणूस सीझनच्या शेवटी रिकाम्या हाताने गेला नाही. अशी साखळी मी इतक्या वर्षात बघितली नव्हती.

स्पॉन कोण? यूएस ओपनआधी नावच ऐकलं नव्हतं. तुक्का लागला का त्याचा? (इंजिनियरिंगची विद्यार्थिनी, नाशिक)

तुक्का अजिबात नाही गं, आणि हे मला जरा नीट सांगू दे कारण या सीझनमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे.

स्पॉन यूएस ओपनच्या वेळी ३४ वर्षांचा, २०२४च्या मधे त्याचा खेळ इतका घसरला होता की पीजीए टूरवरची (अमेरिकेतली प्रो स्पर्धांची वर्षभराची मालिका) जागा जाते की काय अशी वेळ. २०२५च्या मार्चमधे रोरीबरोबर प्लेऑफपर्यंत पोचला, तिथे सतराव्या होलवर, ग्रीनच्या चारी बाजूंना पाणी असतं तिथे, त्याचा बॉल ग्रीनवरून पलीकडे पाण्यात गेला. सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं.

जूनमधे यूएस ओपन ओकमॉंटला. हे कोर्स (गोल्फचं मैदान) म्हणजे अवघडातलं अवघड, ग्रीन इतकी फास्ट की बॉल थांबतच नाही, आणि बाजूचं गवत घोट्याच्या वर. रविवारी पहाटे तीन वाजता स्पॉन औषधाच्या दुकानात उभा होता, धाकट्या मुलीला रात्रभर उलट्या होत होत्या म्हणून. तसाच खेळायला आला. दुसऱ्या होलवर त्याचा चांगला मारलेला शॉट थेट झेंड्याच्या काठीला लागला आणि उलटा फिरून ग्रीनच्या बाहेर लांब गेला, शॉट चांगला आणि मिळाली बोगी. पहिल्या सहा होलमधे पाच बोगी. माझ्या वहीत मी त्याच्या नावापुढे काट मारली होती हे पण सांगतो.

मग पाऊस आला, दीड तासाहून जास्त खेळ बंद. त्याने कपडे बदलले, डोकं शांत केलं, आणि परत आल्यावर बाराव्यावर चाळीस फुटांचा पट घातला. सतराव्यावर पहिल्याच फटक्यात बॉल ग्रीनवर नेला. अठराव्यावर जिंकायला दोन पट पुरेसे होते. बॉल होलपासून ६४ फुटांवर, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या पिचची लांबी ६६ फूट, जवळजवळ एका स्टंपपासून दुसऱ्या स्टंपपर्यंत, तेही पाऊस पडत असताना. त्याच्या आधी व्हिक्टर हॉवलंडचा पट साधारण त्याच लाइनवरून होता, तो बॉल कसा वळतो ते स्पॉनने नीट बघून ठेवलं. आणि मग मारला, आणि तो गेला आत! पूर्ण स्पर्धेत पारच्या खाली संपवणारा तो एकटा, एक अंडर. दुसरा आलेला रॉबर्ट मॅकिंटायर दोन शॉट मागे.

तू विचारलंस म्हणून सांगतो, सुरुवातीच्या त्या सहा होलनंतर बहुतेक जणांनी मनातून बॅग भरली असती.

कट म्हणजे काय आणि कट चुकला तर पैसे मिळतात का? (तीन पत्रं)

चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवस झाले की खालच्या लोकांना घरी पाठवतात, तो कट. पीजीए टूरवर साधारणपणे वरचे ६५ आणि बरोबरीतले पुढे जातात, मास्टर्सला ५०. कट चुकला की नेहमीच्या स्पर्धेत बक्षिसाचा एक डॉलर नाही, आणि विमान, हॉटेल, कॅडीचा (बॅग उचलणाऱ्या मदतनीसाचा) पगार सगळं स्वतःच्या खिशातून. शिवाय २०२५पासून पुढच्या वर्षाचं पूर्ण कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, पहिल्या १०० जणांनाच, आधी १२५ होते. त्यामुळे सीझन संपताना ९५ ते १०५ नंबरवर जी मारामारी चालते ना, ती मला चॅम्पियनच्या ट्रॉफीपेक्षा जास्त टेन्शनची वाटते.

स्कॉटी शेफलर जिंकल्यावर खूश का दिसत नाही? (सॅन होजेहून एक मराठी कुटुंब)

तुमच्या घरात यावरून वाद झाला असं लिहिलंय, तर दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे.

शेफलर हा या सीझनचा अपवाद आहे, बाकीचे हरत हरत जिंकले, हा सरळ जिंकतच गेला. सुरुवात मात्र वाईट होती, २०२४च्या ख्रिसमसला घरी रॅव्हिओली करताना काचेचा ग्लास फुटून उजव्या तळव्यात काच घुसली, ऑपरेशन झालं, सीझनची सुरुवात हुकली. मे महिन्यात टेक्सासला ३१ अंडर मारून पहिली स्पर्धा जिंकला आणि मग थांबलाच नाही: पीजीए चॅम्पियनशिप पाच शॉटने, रॉयल पोर्टरशला द ओपन चार शॉटने, सगळ्या मिळून सहा स्पर्धा.

पण द ओपनच्या आधी पत्रकारांसमोर तो मनापासून बोलला होता. जिंकल्याचा आनंद दोन मिनिटं टिकतो, मग घरी जेवायला काय करायचं हा विषय सुरू होतो, आणि हे सगळं कशासाठी हा प्रश्न आपल्याला पडतो, गोल्फपेक्षा बायको आणि मुलगा महत्त्वाचे, अशा अर्थाचं. काही लोकांना ते आवडलं नाही. मला फार आवडलं. आणि पोर्टरशला जिंकल्यावर ग्रीनजवळ घरच्यांना बघून त्याचा चेहरा कसा फुलला ते तुम्ही परत लावून बघा, तो खूश असतो, फक्त ते तिथे दिसतं.

रायडर कपमधे खरंच पैसे नसतात? (एक वाचक, कोल्हापूर)

रायडर कप म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका अशी टीमची मॅच. युरोपच्या खेळाडूंना खेळण्याचे काहीच पैसे नाहीत. अमेरिकेच्या प्रत्येकाला २०२५ला ५ लाख डॉलर होते, त्यातले ३ लाख दानधर्मासाठी. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजला युरोपने १५-१३ ने जिंकला. तिथल्या प्रेक्षकांनी रोरीला जी शिवीगाळ केली ती मला अजिबात सहन झाली नाही, एवढंच लिहितो.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, गोल्फ बघतो आणि शिकायचं म्हणतो. हा आपल्यासारख्यांचा खेळ नाही असं सगळे सांगतात. काय करू? (एक आई, पुणे)

ताई, महाग आहे हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण ‘आपला नाही’ हे मात्र खरं नाही. अनिर्बन लाहिरीचा जन्म तुमच्या पुण्यातलाच, वडील सैन्यदलात डॉक्टर, त्यांच्याकडूनच तो खेळ शिकला, आणि २०१५च्या पीजीए चॅम्पियनशिपमधे तो पाचव्या नंबरच्या बरोबरीत आला, २०२२च्या प्लेयर्समधे एका शॉटने दुसरा. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळला. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर प्रो स्पर्धा होतात, एखाद्या दिवशी मुलाला नुसतं बघायला घेऊन जाता येईल का ते क्लबला विचारा. नवी मुंबईत खारघरला सिडकोचं कोर्स आहे. सुरुवातीला पूर्ण सेट घेऊ नका, एक सात नंबर आयर्न आणि एक पटर, जुने मिळाले तरी चालतील, आणि सहा महिने ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बॉल मारू द्या. तेवढ्यात त्याला स्वतःलाच कळेल.

दिल्लीला रोरी आला आणि फ्लीटवूड जिंकला, तुम्ही गेला होतात का? (ठाणे)

जाता आलं नाही, टीव्हीवर चारही दिवस बघितलं. ऑक्टोबरमधे दिल्ली गोल्फ क्लबला ही स्पर्धा झाली आणि रोरी पहिल्यांदाच भारतात खेळला. तिथे फेअरवे (ग्रीनपर्यंत जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) इतके अरुंद आणि दोन्हीकडे दाट झुडपं, की रोरीसारखा लांब मारणारा माणूस म्हणाला मी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची स्टिक) काढणारच नाही. दोनशे यार्ड सरळ मारणं तीनशे यार्ड वाकडं मारण्यापेक्षा किती भारी हे त्या कोर्सने चार दिवस दाखवलं.

आणि फ्लीटवूड. हा युरोपात कितीतरी जिंकला होता पण अमेरिकेच्या टूरवर १६३ स्पर्धा खेळून एकही नाही. जूनमधे ट्रॅव्हलर्सला शेवटच्या होलवर हातची गेली, ऑगस्टमधे मेम्फिसला परत गेली ते वर लिहिलंच. दोन्ही वेळा तो कॅमेऱ्यासमोर शांतपणे उभा राहून बोलला. आणि मेम्फिसनंतर दोन आठवड्यांनी अटलांटाला टूर चॅम्पियनशिप जिंकला, तीन शॉटने, १ कोटी डॉलर. मग दिल्ली, दोन शॉटने. त्याच्या धाकट्या मुलाची एक इच्छा होती, बाबा जिंकले की आपण पळत ग्रीनवर जायचं, तशी संधी कधी मिळालीच नव्हती. ती दिल्लीत मिळाली, आपल्याकडे.

पुढच्या वर्षी कशावर लक्ष ठेवू? (डोंबिवलीचेच क्रिकेटवेडे, दुसरं पत्र)

मास्टर्स ९ ते १२ एप्रिल २०२६, रोरी पहिल्यांदाच चॅम्पियन म्हणून उतरेल. पीजीए ॲरोनिमिंकला, द ओपन रॉयल बर्कडेलला. पण एकच रात्र जागायची असेल तर यूएस ओपन, शिनेकॉक हिल्स, १८ ते २१ जून. शेफलरकडे २०२५च्या शेवटी चारपैकी तीन मेजर आहेत आणि राहिलंय ते नेमकं हेच. शेवटचा दिवस २१ जून, त्या दिवशी तो तीस वर्षांचा होतो.