कन्सल्टिंगमध्ये ओळखीचं कोणीच नाही, मग रेफरल मागायचं कोणाकडे?

प्रश्न : सांगलीच्या वालचंदमधून मेकॅनिकल केलं. तीन वर्षं चाकणला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. ऑपरेशन्स कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना उत्पादन आणि कामकाज सुधारण्याचा सल्ला देण्याच्या कामात जायचंय, पण नात्यागोत्यात त्या क्षेत्रातलं कोणी नाही. लिंक्डइनवर शंभरेक जणांना ‘रेफर कराल का?’ असं विचारलं. दोघांनी उत्तर दिलं, तेही नकाराचं.

शंभर जणांना एकच मजकूर गेला, तिथेच गाडी अडली. रेफर करणारा, म्हणजे त्या कंपनीतला कर्मचारी, अंतर्गत पोर्टलवर तुमचा सीव्ही चढवतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याला दोन गोष्टी विचारल्या जातात : या व्यक्तीला कसे ओळखता आणि तिच्या कामाबद्दल काय सांगाल. तुमच्याशी एक शब्दही न बोललेला माणूस तिथे काय लिहिणार? त्याला खरं उत्तर लिहिता येईल एवढी ओळख आधी व्हायला हवी.

यादी २५-३० नावांचीच करा. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो, तिथे कंपनी, शहर आणि कामाचा प्रकार लावून नावं गाळून घेता येतात. पण तुमच्या बाबतीत ‘पूर्वीची कंपनी’ हा फिल्टर जास्त कामाचा. टाटा मोटर्स, महिंद्रा, बजाज ऑटो, भारत फोर्ज अशा ठिकाणी काम करून नंतर कन्सल्टिंगमध्ये गेलेले लोक शोधा. रिजेक्शन, पीपीएम (दर दहा लाख नगांमागे सदोष नग), ग्राहकाचं ऑडिट हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. एकाच कॉलेजचे असण्यापेक्षा हा धागा कित्येकदा पक्का निघतो.

पार्टनरला, म्हणजे सल्लागार कंपनीतल्या सगळ्यात वरच्या माणसाला, लिहू नका. त्याच्या इनबॉक्समध्ये तुमचा नंबर लागणार नाही आणि लागलाच तर तो एचआरकडे बोट दाखवेल. तिथे रुजू होऊन एक ते तीन वर्षं झालेली माणसं निवडा. आपण आत कसे आलो हे त्यांना ताजं आठवत असतं.

निमंत्रणासोबतची टीप २०० अक्षरांच्या आत ठेवा. फुकटच्या खात्यातून अशा टिपा महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, तेव्हा त्या यादीतल्या पहिल्या नावांसाठी राखा. भाषा इंग्रजीच असू द्या. समोरचं आडनाव मराठी दिसलं तरी पहिल्याच ओळीत ‘आपण मराठी’ नको. फोनवर तो स्वतःच मराठीवर येईल. आशय साधारण असा : ‘तुम्ही उत्पादनातून कन्सल्टिंगकडे वळलात. मी चाकणला क्वालिटीत आहे, ३ वर्षं. शॉपफ्लोरचा अनुभव तिथे कुठे उपयोगी पडला, यावर १५ मिनिटं बोलाल का?’ सीव्ही जोडायचा नाही, रेफरल हा शब्दही काढायचा नाही.

हे लोक सोमवार ते गुरुवार बहुधा क्लायंटकडे असतात. शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी संध्याकाळी पाठवलेला संदेश वाचला जाण्याची शक्यता जास्त. उत्तर नाही आलं तर सात-आठ दिवसांनी एकदाच आठवण करा आणि पुढच्या नावाकडे वळा. तिसरा संदेश म्हणजे तगादा.

आणखी एक वाट. तुमच्याच कारखान्यात एखाद्या सल्लागार कंपनीची टीम येऊन गेली असेल, तर त्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मात्र क्लायंटची माणसं ठरावीक काळ घ्यायची नाहीत, असं कलम त्यांच्या करारात अनेकदा असतं. त्यामुळे प्रकल्प चालू असताना हा विषय काढू नका. त्यांची पंचाईत होते आणि तुमच्या साहेबांच्या कानावर गेलं तर तुमचीही. पुण्यात मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या कार्यक्रमांना सल्लागार कंपन्यांचे लोक बोलायला येतात. तिथे व्याख्यात्याभोवती गर्दी करण्यापेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या ज्युनिअरशी बोला.

प्रश्न : एका मॅनेजरने २० मिनिटं दिली आहेत. नेमकं काय विचारू? आणि रेफरल कधी मागू?

कंपनीच्या वेबसाइटवर मिळतं ते विचारू नका. पहिल्या दोन मिनिटांत स्वतःबद्दल, मग त्यांच्या कामाबद्दल तीन-चार प्रश्न : सध्या त्यांच्या विभागात कोणत्या प्रकारची कामं जास्त आहेत, माझ्यासारखा अनुभव असलेले लोक कोणत्या पदावर घेतले जातात, पहिल्या सहा महिन्यांत ते कुठे अडखळतात. शेवटची पाच मिनिटं स्वतःसाठी राखा आणि विचारा, ‘माझी पार्श्वभूमी तुमच्या टीमला जुळेल असं वाटतं का? काय कमी आहे?’

या प्रश्नाच्या उत्तरातच सगळं कळतं. ‘जुळेल, सीव्ही पाठव’ असं आलं तर काम झालं. ‘आधी अमुक शिकून घे’ असं आलं तर त्या दिवशी रेफरलचा विषय बंद. ते शिकून दोन-तीन महिन्यांनी कळवा, तेव्हा मागणं शोभतं. गोलमोल उत्तर मिळालं तर विचारा, ‘या विषयावर आणखी कोणाशी बोलू?’ एका नावातून दुसरं नाव मिळत जाणं हीच खरी कमाई, आणि दुसऱ्या माणसाला लिहिताना तुम्ही अनोळखी उरत नाही.

होकार आला तर त्याच दिवशी एकाच मेलमध्ये चार गोष्टी पाठवा : एक पानी सीव्ही पीडीएफमध्ये, ज्या जागेसाठी अर्ज करायचा तिचा जॉब आयडी, तुमचा ईमेल आणि फोन, आणि तुमच्याबद्दल तीन ओळी. या तीन ओळी तृतीयपुरुषी लिहा, म्हणजे त्यांना फॉर्ममध्ये जशाच्या तशा चिकटवता येतील. ‘मेहनती, होतकरू’ नको. ‘एका लाइनवरचं रिजेक्शन ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं’ असं, स्वतःच्या खऱ्या आकड्यानिशी.

रेफरलमुळे सीव्ही माणसाच्या नजरेखालून जाण्याची शक्यता वाढते, एवढंच. ऑनलाइन चाचणी आणि केस इंटरव्ह्यू (एखाद्या कंपनीची अडचण मुलाखतीतच सोडवून दाखवणं) चुकत नाहीत. मोठ्या स्ट्रॅटेजी कंपन्यांत मुलाखतीत नापास झालात तर साधारण एक ते दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून २०-२५ केसेसचा सराव झाल्याशिवाय रेफरल वापरून टाकू नका.

प्रश्न : पोर्टलवर आधीच अर्ज केला. आता एकजण रेफर करायला तयार आहे. उपयोग होईल?

बऱ्याच कंपन्यांत एकदा थेट अर्ज झाला की त्याच जागेवर रेफरल जोडता येत नाही. दुसरा जॉब आयडी असेल तर त्यावर रेफर करायला सांगा. नसेल तर त्यांनी रिक्रूटरला दोन ओळींचा मेल टाकला तरी चालेल. दुसरा ईमेल वापरून नवं खातं काढण्याची युक्ती करू नका. एकाच माणसाची दोन खाती दिसली की संशय येतो. उलटही सांभाळा : त्यांनी फॉर्ममध्ये भरलेला ईमेल आणि तुम्ही अर्जात दिलेला ईमेल एकच हवा, नाहीतर रेफरल अर्जाला जुळतच नाही.

प्रश्न : नाशिकची सीए आहे, आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) छोट्या फर्ममध्ये झाली. बिग फोरमधल्या (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी) मैत्रिणीने रेफर केलं, पण तिच्या पोर्टलवर मला हवी ती जागाच दिसत नाही.

तिची कंपनी कोणती ते बघा. नाव एक असलं तरी आत वेगवेगळ्या संस्था असतात. डेलॉइटची भारतातल्या ग्राहकांसाठी काम करणारी फर्म वेगळी आणि अमेरिकेच्या फर्मसाठी काम करणारी यूएसआय वेगळी. ईवायचं जीडीएस, केपीएमजीचं केजीएस यांचंही तसंच. भरती वेगळी, पोर्टल सहसा वेगळं, म्हणून एकीकडचं रेफरल दुसरीकडे चालेलच असं नाही. तुम्हाला भारतीय कंपन्यांच्या डील्सवर काम करायचं असेल तर देशी फर्ममधला माणूस शोधा.

या कंपन्यांत रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, सहसा नवा माणूस काही महिने टिकल्यावर. म्हणून इथे रेफरल लवकर मिळतं, आणि म्हणूनच त्याचं वजनही कमी. नुसतं पोर्टलवर नाव चढण्यापेक्षा ज्या टीममध्ये जागा आहे तिथल्या मॅनेजरला कोणीतरी तोंडी सांगणं जास्त उपयोगाचं. तुमच्या फर्ममधून आधी सीए झालेले सीनिअर आज कुठे आहेत, याची यादी तुमच्या प्रिन्सिपलकडे, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप केली त्या सीएकडे, असेल. मागून घ्या.

प्रश्न : म्युनिकमध्ये मास्टर्स करतोय, शेवटची दोन सेमिस्टर राहिली आहेत. इथे तर कोणीच ओळखत नाही.

जर्मनीत विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या सल्लागार संस्था असतात. त्यांचा बीडीएसयू नावाचा महासंघ आहे. विद्यापीठातल्या अशा संस्थेत शिरा. मोठ्या कंपन्या त्यांच्याकडे केस वर्कशॉप घेतात. दुसरा रस्ता वेर्कश्टुडंटचा : सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम. शेजारी बसून केलेल्या कामावरून मिळालेल्या रेफरलला तोड नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, पण तोवर थांबू नका. क्लायंटसमोर जर्मन बोलावं लागतं, त्यामुळे चांगली जर्मन नसेल तर बऱ्याच ठिकाणी रेफरलही तुम्हाला पुढे नेणार नाही.

प्रश्न : टेलिग्रामवर एकजण १५,००० रुपयांत ‘खात्रीचं रेफरल’ देतो. २,००० टोकन दिलेत. बाकीचे देऊ का?

एक रुपयाही देऊ नका. तो खरंच कर्मचारी असला तरी पैसे घेऊन रेफर करणं कंपनीच्या नियमांत बसत नाही. उघड झालं तर त्याची नोकरी आणि तुमचा अर्ज दोन्ही जातात. बहुतेक वेळा तर तो कर्मचारी नसतोच. आजच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मगच त्याला ब्लॉक करा. आधार-पॅनच्या प्रती पाठवल्या असतील तर तेही तक्रारीत लिहा.