शेतातच झोपायचं तर दिंडोरी काय वाईट?

मागच्या अंकात मी इटलीतल्या शेतघरात घरच्यांसोबत काढलेल्या आठ दिवसांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली, आणि गंमत म्हणजे निम्मी तरी द्राक्षवाल्यांच्या घरातली. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली ही चार.

प्रश्न : ताई, आम्ही दिंडोरीकडचे, मळ्यातच राहतो, पाच एकर बाग आहे. मुलांच्या (९ आणि १३ वर्षं) उन्हाळी सुट्टीत सासूसासऱ्यांना घेऊन इटलीला जायचं चाललंय. तुम्ही लिहिलंत तसं शेतघरात राहू म्हटलं तर सासरे म्हणाले, एवढे लाख घालून परत शेतातच झोपायचं तर आपला मळा काय वाईटय, खाट टाकतो की अंगणात. आणि ह्यांना नऊ दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान सगळं करायचंय. मी काय सांगू? शिवाय बाग टाकून जायचं कधी?

उत्तर : अगं सासऱ्यांचं एकदम बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यांना न्यायचं. आमच्याकडे पण बाबा (माझे सासरे) असंच कुरकुरत आलेले. टस्कनीतल्या सिएना शहराच्या दक्षिणेला वाल दोर्चा म्हणून भाग आहे, टेकड्याच टेकड्या, गव्हाची शेतं, सरूची झाडं, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथं राहिलो होतो. पहिल्याच सकाळी बाबा चहाच्या आधी द्राक्षाच्या बागेत. मालक तिथंच काम करत होता. भाषा कुणाला येतेय, बाबांनी हाताची कात्री करून विचारलं वर्षाला किती छाटण्या, त्यानं एक बोट दाखवलं, बाबांनी दोन. त्याला वाटलं म्हाताऱ्याला कळलं नाही, त्यानं परत एक बोट दाखवलं, बाबांनी परत दोन! शेवटी मुलीनं मोबाइलवर भाषांतर करून सांगितलं की आमच्याकडे थंडीत वेल झोपतच नाही, पानं झडत नाहीत, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करावी लागते. तिकडे कडाक्याच्या थंडीत वेल आपोआप झोपतो, मग एकदाच छाटायचं आणि माल सप्टेंबर-ऑक्टोबरला. तो माणूस डोक्याला हात लावून बसला, दोनदा मजुरी म्हणजे किती खर्च! त्यानंतर सगळे दिवस बाबा आम्हाला फक्त जेवायला दिसले.

तर सासऱ्यांना सांग, तिथल्या शेतघराला आग्रितुरिझ्मो म्हणतात आणि ते आपल्या हायवेवरच्या रिसॉर्टसारखं नसतं. त्याचा कायदाच आहे, पहिला १९८५ चा, मग २००६ चा नवा, त्यात अटच अशी की शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुणे हा जोडधंदा. म्हणजे मालक खरंच शेतकरी असतो. ती दगडी घरं पण बघण्यासारखी, पूर्वी तिकडे अर्धेलीनं शेती चालायची, मालकाला निम्मं आणि कसणाऱ्याला निम्मं, खाली गुरं आणि वर माणसं, गुरांची ऊब वर जायची. १९६४ ला नवे अर्धेलीचे करार कायद्यानं बंद झाले, तोवर पोरं शहरात कारखान्यांत निघून गेलेली, घरं ओस पडली, त्यातलीच कितीतरी आता पाहुण्यांना देतात. हे सासऱ्यांना ऐकवलंस ना, की ते तुझ्या आधी बॅग भरतील.

कधी जायचं तर जुलै-ऑगस्ट नाही म्हणजे नाही. रणरणतं ऊन, जुन्या घरांत एसी असेलच असं नाही, आणि १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, दरही चढे. तुमची विरळणी, सबकेन (फुटीचा शेंडा खुडून नवी काडी घेणं) उरकून मेच्या शेवटी निघा आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आत परत या. तेव्हा तिकडे इटालियन पोरांच्या शाळा जेमतेम सुटत असतात, बागा फुलोऱ्यात, आणि रात्री नऊला पण अंधार नाही.

नवऱ्याला मात्र स्पष्ट सांग. नऊ दिवसांत चार शहरं म्हणजे सामान उचलणं आणि सामान ठेवणं. दोन रात्री रोम, बाकी सगळ्या रात्री एकाच शेतघरात. तिथून पिएन्झा, मॉन्टेपुल्चानो, सिएना, सगळं सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखं. फ्लॉरेन्स एक दिवस फार तर. व्हेनिस पुढच्या जन्मी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आईंना अंडंही चालत नाही. तिकडच्या खेड्यात उपाशी राहू का? (कॉलेज रोडवरून एक मुलगा)

उत्तर : उपाशी नाही रे, पण विचारत जावं लागेल. रागू म्हणजे मांसाचा रस्साच समज, आणि सूप नुसत्या भाज्यांचं दिसलं तरी ब्रोदो म्हणजे बहुतेक हाडांचं पाणी असतं. ताजा पास्ता बऱ्याचदा अंड्याचा, पण त्या भागातला पिची नावाचा जाडा शेवयांसारखा पास्ता सहसा नुसतं पीठ आणि पाण्याचा, लसूण-टोमॅटो घालून मस्त लागतो, तरी विचारायचंच. पर्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते) असतं, आईंना हे आधीच सांग, तिथं टेबलावर कळलं तर जेवण तिथंच थांबतं (आमचं थांबलं होतं). मारिनारा पिझ्झावर चीज नसतंच. आणि पाव अळणी असतो, मीठच घालत नाहीत त्या भागात, सासूबाईंनी पहिल्या दिवशी बेकरीवाल्याची कीव केली, विसरला बिचारा म्हणून.

सगळ्यात सोपं म्हणजे स्वयंपाकघरवालं घर घ्यायचं आणि कुकर न्यायचा. फक्त तिकडच्या घरांना बहुधा ३ किलोवॅटचंच कनेक्शन असतं, ओव्हन, वॉशिंग मशीन आणि इस्त्री एकदम लावली की सगळं घर अंधारात. आम्ही दोनदा पाडलं.

प्रश्न : गाडी भाड्यानं घ्यावी का? मी मुंबई-आग्रा हायवेवर वीस वर्षं चालवतोय. (एक काका, पंचवटी)

उत्तर : काका, घ्याच, गाडीशिवाय शेतघरात अडकून पडाल, रविवारी तर बसच सापडत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, १ वर्ष चालतो, आणि आपलं मूळ लायसन्स सोबत. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळी सीट हवी. स्टिअरिंग डावीकडे, पहिला तास चुकीचंच दार उघडायला जाल तेवढी गंमत.

पण खरी भीती जुन्या गावांच्या वेशीवर. तिथं गोल पाटी, पांढऱ्यावर लाल कडा, सोबत झेड टी एल असं लिहिलेलं, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी, आणि शिट्टी मारायला पोलीस नाही, नुसता कॅमेरा. आमचे हे नकाशा सांगेल तसे आत घुसले, कुणी अडवलं नाही, आइस्क्रीम खाल्लं, बाहेर आलो. आठ महिन्यांनी नाशिकच्या पत्त्यावर नोटीस, एक आत शिरतानाची आणि एक परत त्याच वेशीतून दुसऱ्यांदा शिरलो त्याची. परदेशातल्या पत्त्यावर पाठवायला त्यांना ३६० दिवस असतात. वर गाडीवाल्यांनी आमचं नाव पोलिसांना कळवण्याचेही पैसे कार्डातून कापलेले. म्हणून गाडी गावाबाहेर लावायची, पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळ्या रेघेत चुकूनही नाही, आणि चढ चालत जायचा.

प्रश्न : व्हिसाला किती लागतात, आणि शेतमालकासाठी हापूसची एक पेटी नेली तर चालेल का?

उत्तर : इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही, शिवाय व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. निदान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेमधल्या प्रवासासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख घ्या, उन्हाळ्याआधी मुंबईतल्या तारखा भराभर संपतात. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

हापूस नाही चालणार. ताजी फळं न्यायची तर त्यांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला. दुधाचं तर काहीच नाही, म्हणजे पेढे, तूप सगळं घरीच. आम्ही नाशिकचा चिवडा नेलेला. मालकानं एक मूठ तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी, मग उठून स्वतःची वाइनची बाटली घेऊन आला आणि डबा त्याच्याकडेच राहिला.