झेंडा जाळणाऱ्याला जेल व्हावी का?

प्रिय पोरी,

डिबेटमध्ये अमेरिकेतल्या झेंडा जाळण्याच्या वादावर कोणत्या बाजूने बोलू, असं तू विचारलंस. बाजू नंतर ठरव. आधी दोन प्रश्न वेगळे कर नं बाप्पा. झेंडा जाळणं वाईट आहे का हा एक, आणि जाळणाऱ्याला सरकारने जेलात टाकावं का हा दुसरा. टीव्हीवर सगळे पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा जिंकल्यासारखे ओरडून राहिले.

तिकडची केस नीट वाच. १९८४ मध्ये डॅलसला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन सुरू असताना ग्रेगरी ली जॉन्सनने झेंडा जाळला, आणि १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की हा राजकीय निषेध आहे, याला शिक्षा देता येत नाही. त्याच कोर्टातल्या न्या. स्कालियांना झेंडा जाळणाऱ्यांचा मनापासून राग यायचा, तरी त्यांनी मत जॉन्सनच्या बाजूने दिलं, हे मला फार मोठं वाटतं. पुढे २००६ मध्ये झेंडा जाळण्यावर बंदी आणता यावी म्हणून मांडलेली घटनादुरुस्ती तिथल्या सिनेटमध्ये एका मताने पडली.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे, हे भाषणात गुंडाळून टाकू नको. १९७१ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी तिरंगा जाळला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून कोणाच्या नादी लागून काही करायचं नाही, समजलं? पण त्याच कायद्यातलं स्पष्टीकरण वाच: कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून राज्यघटनेवर, झेंड्यावर, सरकारच्या धोरणांवर टीका केली तर तो गुन्हा नाही. आणि ध्वजसंहिता काय म्हणते? फाटलेला, खराब झालेला झेंडा खाजगीत, मान राखून, शक्यतो जाळूनच नष्ट करावा. म्हणजे आग तीच, शिक्षा होते ती त्यामागच्या म्हणण्याला. जॉन्सनच्या केसमध्ये कोर्टाने नेमकं हेच पकडलं होतं. तुझ्या भाषणाचा कणा हा ठेव.

आता नागपूर. १९२३ चा झेंडा सत्याग्रह तू शाळेत दोन ओळींत वाचला असशील. सिव्हिल लाइन्सकडे स्वराज्याचा झेंडा घेऊन मिरवणूक न्यायची नाही असा हुकूम होता, आणि माणसं तो झेंडा हातात धरून चालत गेली नि जेलात गेली, जमनालाल बजाजही गेले, मग वल्लभभाई पटेल सूत्रं हातात घ्यायला आले. तेव्हाही सरकारला शांतता बिघडायचीच भीती होती. झेंड्याने काय म्हणायचं नि काय नाही, हे ठरवायचा अधिकार पोलिसाच्या हातात गेला की काय होतं ते या शहराने पाहिलंय, हे नागपूरच्या पोरीने नाही सांगायचं तर कोणी?

माझं मत विचारशील तर, माझ्यासमोर कोणी तिरंगा जाळला तर माझं रक्त उसळेल, मी त्याच्याशी भांडेन. पण स्वतःचा झेंडा जाळून कोणाला इजा न करणाऱ्याला ३ वर्षं आत टाकणं मला पटत नाही. दुसऱ्याचा हिसकावून जाळला तर त्यासाठी वेगळे कायदे आहेतच.

समोरचा "मग सैनिकांचं काय?" म्हणेल, नक्की म्हणेल. तेव्हा हसू नको, उडवून लावू नको. कामठीला फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे, समोर बसलेल्यांत कोणाचा बाप फौजेत असेल, त्याचा राग खरा आहे. तो मान्य कर, मग १९८६ ची केरळची केस सांग: तीन पोरं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गात नव्हती म्हणून शाळेने काढलं, आणि आपल्याच सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. तो निकाल मूळातून वाच, फॉरवर्डवरून नको. ड्राफ्ट झाला की पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा काका