सायलेन्सरचा गंजलेला नट सोडवताना

नट हलत नाही म्हणून पान्याला पाईप लावून झटका देऊ नकोस. स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, तुटला तर दहा मिनिटांचं काम हेड उतरवण्यावर जातं. वायर ब्रशने आटे साफ कर, पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मारून रात्रभर मुरू दे. सकाळी वरचं तेल पुसून इंजिन ५ मिनिटं चालव, मग बंद कर. ॲल्युमिनियमचं हेड स्टीलच्या स्टडपेक्षा जास्त प्रसरण पावतं, गंजाची पकड सुटते. हातमोजे घाल. सहा कोनांचाच सॉकेट लाव, बारा कोनांचा कडा खातो. थोडं सोड, परत आवळ, पुन्हा सोड. करकर आवाज चालेल, पण नट रबरासारखा मऊ फिरला की तिथेच थांब: स्टड पिळतोय. नट स्टडसकट बाहेर आला तरी उत्तमच. बसवताना आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लाव.