खाली काय आहे ते विचार

अगं,

रात्री पावणेदोनला मेसेज टाकलायस, 'सर विषय बदलू का, की टूल्स शिकू, की हे मास्टर्सच सोडून दुसरं काही बघू'. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं पुढे सांगतो, तिसऱ्याचं तुलाच माहितीये, नाहीतर सोबत ती एक्सेल जोडली नसतीस.

एक्सेल बघितली. 'सोशल मीडियाचा तरुणाईवर होणारा परिणाम', गूगल फॉर्म, 212 प्रतिसाद, आणि त्यावरून पाय चार्ट, 71 टक्के लोक रोज तीन तासांपेक्षा जास्त रील्स बघतात म्हणे. कोणाचे 71 टक्के गं? तो टाइमस्टॅम्पचा कॉलम बघ जरा, पहिले 90 प्रतिसाद एकाच संध्याकाळी आलेत, म्हणजे तुझ्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि त्यांची भावंडं. फॉर्म एकूण किती जणांकडे गेला, किती जणांनी उघडून तसाच सोडला, काही पत्ता नाही. वर अंश आहे, खाली छेदच नाही. शाळेत अपूर्णांकात शिकलेली गोष्ट आपण मास्टर्सला येईपर्यंत विसरतो कशी, मला खरंच कळत नाही.

आपल्या या डिजिटल मीडियाच्या विषयात सगळी गंमत (आणि सगळी फसवणूकही) त्या खालच्या आकड्यात असते. एंगेजमेंट रेट घे, म्हणजे पोस्टला किती प्रतिसाद मिळाला त्याचं प्रमाण. एक जण लाइक-कमेंटना फॉलोअर्सने भागतो, दुसरा रीचने (पोस्ट जितक्यांना दिसली त्या आकड्याने) भागतो, एकाच पोस्टचे दोन आकडे, आणि मीटिंगमध्ये दोघंही माना डोलावतात. बाउन्स रेट घे, म्हणजे वेबसाइटवर येऊन लगेच निघून जाणाऱ्या भेटींचं प्रमाण, जुन्या गूगल ॲनालिटिक्समध्ये त्याचा अर्थ वेगळा होता, जीए4 (त्याचीच नवी आवृत्ती) मध्ये दहा सेकंद पानावर थांबलं तरी तो बाउन्स धरत नाहीत, आणि लोक जुना-नवा आकडा एकाच रेषेवर ठेवून 'सुधारणा झाली' म्हणतात. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सचा व्ह्यू नुसता प्ले झाला की मोजायला सुरुवात केली, त्याआधीचे आणि नंतरचे व्ह्यूज तू सरळ एका तक्त्यात टाकलेस तर तुझा ग्राफ वर जाणारच, प्रेक्षक बिचारा होता तिथेच असेल.

आणि 2016 ची ती फेसबुकची गोष्ट. व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो तो आकडा फुगलेला होता हे त्यांनी स्वतःच मान्य केलं, पुढे जाहिरातदार कोर्टात गेले, 4 कोटी डॉलर्सवर मिटलं. पण तू गणित बघ. एकूण बघितलेला वेळ भागिले फक्त तीन सेकंद किंवा जास्त थांबलेले लोक. जे सेकंदभरात अंगठ्याने सरकवून पुढे गेले ते छेदात धरलेच नाहीत.

त्या काळात मी एका न्यूजरूममध्ये डिजिटल डेस्क बघायचो. 'आता सगळं व्हिडिओ' असं वारं होतं, आणि स्लाइड मी बनवली होती, व्हिडिओचा निळा खांब उंच, मजकुराचा राखाडी खांब बुटका. त्या स्लाइडनंतर लिहिणाऱ्या चौघांची कॉन्ट्रॅक्ट्स रिन्यू झाली नाहीत. निळ्या खांबातला एक व्ह्यू म्हणजे तीन सेकंद आणि राखाडीतला एक वाचक म्हणजे चार मिनिटं, हे मला माहीत होतं गं. तळटीप टाकायची राहिली. टाकली असती तरी निर्णय तोच झाला असता असं मित्र म्हणतात. असेलही. पण म्हणून आता मी प्रत्येक मीटिंगमध्ये अडून बसतो, 'भागिले काय?' विचारल्याशिवाय पुढची स्लाइड येऊ देत नाही, लोक तिरसट म्हणतात, दोनदा बढती हुकली त्याला हेच कारण असं माझ्या मागे बोलतात, बोलू देत, त्या चौघांपैकी एकाने तरी मला परत फोन केलाय का? नाही. मग बढतीचं काय घेऊन बसलात.

असो. टूल्सचं. जरूर शिक, पण टूल गेलं तरी हातात काहीतरी उरेल इतकंच शिक. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट्सचा माग काढणारं मेटाचं क्राउडटँगल, त्यावर अख्खे थिसिस उभे होते, 14 ऑगस्ट 2024 ला ते बंद झालं. डॅशबोर्ड दुसऱ्याचा असतो, तो कधीही काढून घेतील.

विषय बदलू नकोस, बारीक कर. 'तरुणाई' खोडून टाक. पंधरा जण घे, त्यांना नीट विचारून, त्यांच्या शेजारी बस. आधी त्यांना अंदाज विचार, काल रील्सवर किती वेळ गेला, आणि मग त्यांच्याच फोनमधला स्क्रीन टाइम उघडायला लाव. सांगितलेला वेळ आणि मोजलेला वेळ जुळत नाही हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय, त्यामुळे तेवढंच सिद्ध करत बसू नकोस, तो आकडा बघितल्यावर माणूस काय बोलतो ते लिहून घे. 'अरे हे बॅकग्राउंडला चालू होतं', 'काल सुट्टी होती ना'. तिथे तुझा थिसिस आहे. आणि पंधराच का, किती जणांना विचारलं, किती जण नाही म्हणाले, तेही लिही. नाही म्हणणारे छेदात येतात. गाइड म्हणतील सँपल लहान आहे, तर म्हण हो लहान आहे, पण पूर्ण मोजलेलं आहे. चिडतील थोडे. मीही चिडलो असतो.

शुक्रवारी संध्याकाळी फोन कर. त्याआधी एवढंच, फॉर्म टाकलेल्या त्या ग्रुपमध्ये एकूण मेंबर किती आहेत ते बघून ठेव.