केरळसाठी कर्ज की नागपुरातच सुट्टी?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मनीषनगरला तुम्ही पाच जण राहता. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 78,000. त्यातून घराच्या कर्जाचा हप्ता 24,000, घरखर्च आणि मुलांची शाळा 40,000, एसआयपी 5,000. बँकेत 1,50,000 ची एफडी आहे आणि यंदा दिवाळीचा बोनस 35,000 मिळाला. जाऊबाईंकडचे केरळला निघालेत, तुमच्या पाच जणांचे टूरवाल्याने 1,40,000 सांगितलेत. त्यासाठी कर्ज काढायचं किंवा एफडी मोडायची. नाहीतर नागपुरातच पाच दिवस घालवायचे, त्यात दोन रात्री हॉटेलात. तुम्ही विचारता, "स्वतःच्याच गावात हॉटेलचे छत्तीस हजार भरणं हा वेडेपणा नाही का?"

वेडेपणा नाही. फक्त छत्तीस हजार लागणार नाहीत.

आधी कर्जाचं बोलू, ते लवकर आटपतं. 1,40,000 चं वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 6,720 बसतो आणि व्याजच 21,000 च्या वर जातं. प्रक्रिया शुल्क 2 टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरला तर आणखी 3,300. म्हणजे पाच दिवसांच्या सहलीवर जवळपास 24,600 जादा, आणि पुढच्या दोन दिवाळ्या याच हप्त्यात. एफडीला तर हातच लावू नका. घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 64,000 लागतात, म्हणजे ती एफडी जेमतेम सव्वादोन महिने पुरेल. घरात 68 वर्षांच्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई आहेत. ती एफडी वाढवायला हवी, मोडायला नको.

आता नागपूरच्या सुट्टीकडे येतो. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "घरीच राहिलो तर माझी कसली सुट्टी?" माझ्या मते सगळ्या हिशोबाचं मूळ याच वाक्यात आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही घरीच सुट्टी करायचं ठरवलं होतं. मी पुस्तकं काढली, मुलं उशिरापर्यंत झोपली, आणि बायको चारही दिवस ओट्यापाशी उभी होती, कारण "आज सगळे घरी आहेत" म्हणून रोज काहीतरी वेगळं हवं होतं. खर्च काहीच झाला नाही, असं मी समाधानाने म्हणालो होतो. खर्च झाला होता, तो तिने भरला होता. चूक माझी होती आणि ती मला फार उशिरा कळली. तेव्हापासून कोणी स्वस्तातल्या सुट्टीबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, पाच दिवस स्वयंपाक कोण करणार?

म्हणून बोनसमधले पहिले 9,000 जेवणासाठी बाजूला काढा. सकाळी तर्री पोहे बाहेर, एखाद्या रात्री सावजी, आणि सासूबाईंना बाहेरचं तिखट सोसत नसेल तर त्यांच्यासाठी घरगुती डबा लावा. सांबारवडी, पाटोडी घरी करायचा मोह या पाच दिवसांत टाळा, विकत आणा. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना जास्तीच्या कामाचे 1,000 वेगळे द्या आणि ते आधीच सांगून ठेवा. याला चैन म्हणू नका. टूरवाल्याला देत होतात त्या 1,40,000 मध्येही तुमच्या विश्रांतीची किंमत होतीच की.

हॉटेलच्या दराची मात्र नीट चिकित्सा करा. तुम्हाला खोलीला 7,800 सांगितलेत. दोन खोल्या, दोन रात्री म्हणजे 31,200, वर 18 टक्के जीएसटी 5,616, एकूण 36,816. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीवर जीएसटी फक्त 5 टक्के आहे. त्यावर एक रुपया गेला की 18. तुमची खोली तीनशे रुपयांसाठी वरच्या कप्प्यात अडकली आहे! आठवड्यातल्या मधल्या वारी 7,400 ला देता का, असं सरळ विचारा. एकाच रात्रीसाठी दोन खोल्या घेतल्यात तर 14,800 अधिक 740, म्हणजे 15,540. दुसऱ्या रात्रीची गरज मला दिसत नाही. परगावी प्रवासात दिवस जातो, इथे वर्धा रोडने अर्ध्या तासात पोचाल. दुपारी खोली मिळायच्या वेळेला दारात उभे राहा आणि दुसऱ्या दिवशी निघायची वेळ थोडी लांबवून मागा. धाकटीला पोहण्याचा तलाव हवाय ना, तिला दोन्ही दिवस मिळेल. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक असतो, नको असेल तर काढायला सांगा.

दिवस कोणते? दिवाळीत पाहुणे येणारच, तेव्हा भाऊबीज उरकू द्या. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि हॉटेलांचे भाव चढतात, त्याच्या आत आटपा. मधले आठ-दहा दिवस उत्तम. सोमवारी गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय आणि मध्यवर्ती संग्रहालय बंद असतं, म्हणून मंगळवार ते शनिवार धरा. आणि नातेवाइकांना "आम्ही सुट्टीवर आहोत" असं स्पष्ट सांगा, नाहीतर बुधवारी कोणीतरी "घरीच आहात ना, येतो" म्हणून दारात हजर!

मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला गोरेवाड्याची सफारी आवडेल. एक दिवस फक्त मेट्रोचा ठेवा. उज्ज्वलनगरहून बसा, झिरो माईलला उतरा. 1907 चा तो खांब आणि घोडे आपण कायम गाडीतून जाता जाता पाहतो, मुलांना जवळून दाखवा. तिथून अजब बंगला, म्हणजे 1863 चं आपलं संग्रहालय, फार लांब नाही. संध्याकाळी गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात तारांगण. ज्यांचं नाव त्या केंद्राला आहे ते सी. व्ही. रामन सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते आणि काही काळ त्यांची नेमणूक नागपुरातच होती, हे मुलाला जरूर सांगा. हिशोब बघणाऱ्या माणसाने पुढे नोबेल मिळवलं, याचं मला फार अप्रूप आहे. परतताना बर्डीत मुलांच्या हातात पाचशे-पाचशे रुपये द्या आणि काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. तिकिटं, सफारी आणि येण्याजाण्याचे 3,000 धरलेत.

सासूबाईंसाठी एक दिवस ड्रायव्हरसह गाडी घ्या, 3,500 धरा. रामटेकला गाडीरस्ता गडावर जातो, त्यामुळे गुडघ्यांना फार त्रास नाही. मग खिंडसी तलावाच्या काठावर निवांत बसा. येताना कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर, तिथली शांतता त्यांना भावेल. काटोलला तुमच्या मामांचा संत्र्याचा बगीचा आहे असं लिहिलंत. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत निघतात. झाडावरून तोडलेलं संत्रं मुलांनी खाल्लंय का? नसेल तर शनिवार तिथला.

सीताबर्डीचा किल्ला यात बसत नाही, तो वर्षात मोजकेच दिवस खुला असतो. तो 26 जानेवारीला करा.

सगळं मिळून 33,040 होतात. बोनसमधले 1,960 उरतात, ते ऐनवेळच्या आइस्क्रीमसाठी राहू द्या.

राहिला केरळचा प्रश्न. सासूबाईंनी अजून समुद्र पाहिला नाही, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. ती इच्छा मला टाळायची नाही. पण त्यांना समुद्र हवाय, केरळच हवं असं त्या म्हणाल्याचं तुमच्या पत्रात नाही. नागपूरहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे, पुरीलाही. हप्ते भरायला तुम्ही जे 6,700 देणार होतात तेच आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांनी धरलं तरी बारा महिन्यांत 83,000 च्या वर जमतील, पुढच्या दिवाळीत पाच जणांचा समुद्र त्यात सहज होईल. केरळच हवं असेल तर वीस महिन्यांत 1,41,000 च्या आसपास होतात. पुढच्या वर्षीचा बोनस मी मुद्दाम धरलेला नाही. तो आला तर एफडीत भर घाला. त्याआधी सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा, लांबचा रेल्वेप्रवास झेपेल का आणि किती लवकर करावा ते कळेल. थांबणं बरं नाही असं ते म्हणाले तर सगळ्यांची वाट पाहू नका. सहा हप्ते जमले की यजमान आणि सासूबाई दोघांनीच जाऊन यावं.

आवर्ती ठेवीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवसावर लावा. आणि हॉटेलला फोन कराल तेव्हा दर करासकट, न्याहारीसकट विचारा आणि तो मेसेजवर लिहून घ्या.